लूप ट्रेकचं प्लॅनिंग : मागे कुठून फिरायचं ते आधी ठरवा

एक लूप बरेच दिवस डोक्यात बसलाय. पूर्ण जंगलाने झाकलेला डोंगर, एका सोंडेवरून, म्हणजे माथ्यापासून खाली आलेल्या डोंगराच्या फाट्यावरून, चढायचं, माथ्याच्या धारेवरून आडवं जायचं आणि दुसऱ्याच बाजूने उतरून खालच्या रस्त्याने परत जिथून निघालो तिथे यायचं. नकाशावर अंतर भरतं १८ किलोमीटर, एकूण चढाई १३०० मीटरच्या आसपास, आणि हे सगळं एका दिवसात. आम्ही चौघं जाणार आहोत आणि त्यातले दोघं एवढा मोठा ट्रेक पहिल्यांदाच करतायत. डोंगराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हा हिशोब कुठल्याही जंगली डोंगराला तसाच लागू होतो आणि मला त्या हिशोबाबद्दलच लिहायचंय.

ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरायचं असेल तर प्लॅनिंग तुलनेने सोपं असतं. उतरताना सगळं ओळखीचं असतं, कुठे घसारा म्हणजे निसटती माती-दगड आहेत, कुठे वाट फुटते, कुठे पाणी आहे हे सकाळीच बघून झालेलं असतं. लूपमध्ये अर्धी वाट अनोळखीच राहते आणि नेमकी तीच अर्धी तुमच्या वाट्याला येते ती दुपारनंतर, पाय दमलेले असताना, उजेड कमी होत असताना. त्यात परत 'आता एवढं आलोय तर पुढूनच उतरू' ही ओढ असते ती वेगळीच, आणि ती चांगल्या अनुभवी माणसालाही खेचते. म्हणून लूपच्या प्लॅनमध्ये मी सगळ्यात आधी हेच ठरवते की मागे फिरायचं झालं तर कुठून आणि किती वाजता. हे घरी टेबलावर शांत डोक्याने ठरतं, धारेवर चौघांच्या चार मतांमध्ये नाही ठरत.

पण त्यासाठी आधी वेळेचा अंदाज नीट हवा. यात विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा नियम अजूनही उपयोगी पडतो. १८९२ मध्ये स्कॉटिश माउंटनियरिंग क्लबच्या जर्नलमध्ये त्याने आपल्या एका दिवसाच्या चालीची छोटीशी नोंद दिली होती, क्रुआख आर्ड्रन, स्टॉबिनियन आणि बेन मोर हे तीन डोंगर, १० मैल अंतर, ६३०० फूट चढाई, वेळ साडेसहा तास. आणि त्यावरून हिशोब मांडला की नकाशावरच्या दर ३ मैलांना एक तास आणि दर २००० फूट चढाईला आणखी एक तास. आपल्या मापात साधारण ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा. आमच्या लूपला लावलं तर १८ किलोमीटरचे ३ तास ३६ मिनिटं, १३०० मीटरचे २ तास १० मिनिटं, म्हणजे पावणेसहा तास. वाचायला किती छान वाटतं, सकाळी सहाला निघालो की बाराच्या ठोक्याला खाली! असं होणार नाहीये. नेस्मिथ फिट होता, वाट बऱ्यापैकी मोकळी होती आणि उतरणीचा विचार त्या नियमात नाहीच.

उतरणीचा विचार नंतर एरिक लँगमुइर या गिर्यारोहकाने जोडला. उतार ५ ते १२ अंशांचा म्हणजे सुखाचा असेल तर दर ३०० मीटर उतरण्याला १० मिनिटं वजा करा, आणि १२ अंशांहून तीव्र असेल तर उलट १० मिनिटं वाढवा. जंगलात तर हे वाढवणं पटतंच, वाळक्या पानांच्या थराखाली दगड आहे का मूळ आहे का पोकळी आहे हे पाय टाकल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे माणूस आपोआप हळू होतो. आणि वाट मोडलेली किंवा झाडोऱ्यात गेलेली असेल तर त्यासाठी मी वॉल्डो टोब्लरचा आकडा घेते, हा भूगोलतज्ज्ञ, त्याने १९९३ मध्ये चालण्याच्या वेगाचं जे सूत्र दिलं त्यात वाट नसलेल्या जमिनीवर वेग ०.६ पट धरलाय. म्हणजे एका तासाचं काम जवळजवळ पावणेदोन तासांवर जातं.

आता हे एकत्र न लावता तुकड्या तुकड्याने लावायचं. आमचा लूप मी पाच तुकड्यांत पाडलाय. पहिले ४ किलोमीटर मळलेली वाट, २५० मीटर चढ, ७३ मिनिटं. मग सोंड, ३ किलोमीटरमध्ये ८५० मीटर, खडा चढ, दोन तास. मग धार, ४ किलोमीटर, चढउतार मिळून २०० मीटर चढ, पण इथे वाट धड नाही, झुडपं माजलेली आहेत, म्हणून १०० मिनिटं. मग उतरण, ५ किलोमीटरमध्ये ११०० मीटर, म्हणजे सरासरी १२ अंशांच्या जरा वरच, म्हणून ९७ मिनिटं. शेवटचे २ किलोमीटर रस्ता, २४ मिनिटं. सगळं मिळून पाच मिनिटं कमी सात तास. ही नुसती चाल झाली. ग्रुप नेहमी सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालतो, चालायलाच पाहिजे, म्हणून त्यावर २० टक्के वाढवले, सव्वाआठ तास. मग दर तासाला दहा मिनिटं थांबणं आणि जेवायला अर्धा तास, ते धरून दहा तास. पावणेसहाचे दहा झाले बघा, आणि अजून कोणी वाट चुकलेलं नाही, कोणाचा पाय मुरगळलेला नाही.

या तुकड्यांचा खरा फायदा वेगळाच आहे. मागे फिरण्याचं गणित त्यातून आपोआप निघतं. सोंडेच्या डोक्यावर पोचलो की ७ किलोमीटर झालेले असतात, ११ उरलेले असतात, आणि तिथून आल्या वाटेने परत जायला विश्रांतीसकट साधारण अडीच तास लागतील, तर पुढे लूप पुरा करायला जवळजवळ साडेपाच. म्हणजे त्या जागी मागे फिरणं निम्म्याहून कमी वेळाचं काम आहे. मग धारेवर जसजसं पुढे जाऊ तसं हे पारडं सरकत जातं आणि धारेच्या मध्याच्या थोडं पुढे, नवव्या किलोमीटरच्या आसपास दोन्हीकडचं सारखं होतं. तिथे आपण अंतराने निम्म्यावर असतो पण चालण्याच्या एकूण वेळेतला ६० टक्के वेळ खर्च झालेला असतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तर प्लॅन असा. सकाळी सहाला निघायचं. सोंडेच्या डोक्यावर साडेदहाला पोचायला हवं. साडेअकरापर्यंत पोचलो तरी चालेल, खाली यायला संध्याकाळचे पाच वाजतील. साडेअकरा वाजून गेले तर धारेवर पाऊलच टाकायचं नाही, तिथेच जेवायचं, वारा खायचा आणि आल्या वाटेने खाली. चर्चा नाही, मतदान नाही. हे मी चौघांना आधीच सांगून ठेवलंय आणि सगळ्यांकडून 'हो' घेतलंय, कारण वर पोचल्यावर माथा समोर दिसत असताना हा निर्णय फार जड जातो आणि ज्याच्या तोंडून तो येतो त्याला उगाच वाईटपणा येतो. वेळ आधीच ठरलेली असली की घड्याळ निर्णय घेतं. आणि धारेवर गेल्यावरही नवव्या किलोमीटरच्या आत काही बिनसलं, म्हणजे ढग भरून आले, कोणाला चक्कर आली, वाटच सापडेना, तर मागेच. त्यापुढे मात्र पुढे उतरणं जवळचं, जरी वाट अनोळखी असली तरी.

साडेपाच-सहापर्यंत उजेड असतो मग पाचची घाई कशाला असं एकाने विचारलं. दोन कारणं. दाट झाडीखाली सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारतं, आणि आमची उतरण पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य डोंगराच्या मागे गेला की त्या उतारावर दुपार उतरायच्या आतच सावली पडते. कुठला उतार कुठल्या दिशेला आहे हे नकाशावर बघून घ्यायला दोन मिनिटं लागतात. टॉर्च तरीही प्रत्येकाकडे स्वतःची, डोक्याला लावायची, नवीन सेल घालून. चौघांत दोन टॉर्च हा प्रकार मला मान्य नाही, अंधारात उतरताना प्रत्येकाला स्वतःच्या पायापुरता उजेड स्वतःकडेच लागतो.

आता दिशा. लूप कुठल्या बाजूने फिरायचा, यावर आमच्यात बराच वाद झाला. माझं मत पक्कं आहे की खडी बाजू चढायची आणि सोपी उतरायची. खड्या चढात हात वापरता येतात, नजर वर असते, दम लागला की थांबता येतं. तोच भाग संध्याकाळी उतरायचा म्हणजे मांड्या थरथरतायत, गुडघे बोलतायत आणि पायाखाली मुळं आणि ओली पानं. पण याहूनही मोठं कारण वाटेचं आहे आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

डोंगराच्या सोंडा वर जाताना एकमेकींना मिळत जातात आणि खाली येताना फुटत जातात. म्हणजे तुम्ही सोंडेवरून चढत असाल तर चुकणं अवघड, नुसतं चढाच्या दिशेने जात राहिलं तरी माथ्याकडेच पोचता. पण तीच सोंड उतरताना दर थोड्या अंतराने तिला फाटा फुटतो, कधी तो फाटा मुख्य सोंडेपेक्षा रुंद आणि सोपा दिसतो, आणि जंगलात तर समोर दहा-पंधरा मीटरपलीकडे काही दिसत नाही, त्यामुळे पाय आपसूक तिकडे वळतात. अर्ध्या तासाने कळतं की आपण भलत्याच दरीच्या तोंडाशी कड्यावर उभे आहोत. ओढ्यांचं बरोबर उलटं, ते खाली एकत्र येतात आणि वर फुटतात, म्हणून ओढ्यातून वर चढताना चुकायला होतं. तेव्हा फाटे असलेली सोंड चढायला ठेवायची आणि उतरायला अशी वाट घ्यायची की जी एखाद्या खिंडीतून ठळकपणे खाली सुटते. आमच्या लूपमध्ये धारेच्या शेवटी खिंड आहे आणि तिथून वाट उतरते, आणि ती चुकली तर कळायचा उपायही आहे : खिंडीनंतर धार परत चढायला लागते. म्हणजे धारेच्या शेवटाकडे उतार संपून सलग पाच मिनिटं चढ लागला की समजायचं आपण पुढे आलो, मागे वळा. असे 'इथे आलात तर चुकलात' सांगणारे इशारे प्रत्येक वळणासाठी नकाशावर शोधून कागदावर लिहून ठेवावेत. मी खिंडीतून उतरायची दिशाही अंशांमध्ये लिहून घेतलीय, कारण झाडीत शिरल्यावर सगळ्या दिशा सारख्याच वाटतात आणि होकायंत्र मात्र खरं बोलतं.

नकाशाबद्दल थोडं. आजकाल सगळे जीपीएक्स, म्हणजे आधी गेलेल्यांनी जीपीएसवर नोंदवलेला वाटेचा ट्रॅक, उतरवून घेतात आणि त्या रेघेवर डोळे मिटून चालतात. मीही उतरवते, पण एक नाही, मिळतील तेवढे, आणि सगळे एकावर एक टाकून बघते. जिथे सगळ्या रेघा एकमेकींवर बसतात तिथे वाट ठळक आहे. जिथे त्या विस्कटतात, एक इकडून गेलीय, एक पुढे जाऊन परत आलीय, एक तिथेच गोल फिरलीय, तिथे लोक चुकलेत, आणि ती जागा मी लाल पेनाने खूण करते. आमच्या धारेवर अशी एक जागा आहे. तीन ट्रॅक तिथे तीन दिशांना जातात आणि शंभर-दीडशे मीटर पुढे परत एकत्र येतात. बहुतेक मोठा खडक किंवा पडलेलं झाड असणार ज्याला प्रत्येकाने वेगळा वळसा घातलाय. अशा ठिकाणी अर्धा तास आधीच राखून ठेवावा. अर्थात दाट झाडीत आणि खोल घळीत उपग्रहाचा सिग्नल खडकांवरून आपटून येतो, त्यामुळे रेघ नुसतीच नागमोडी होते, तेवढं वेगळं ओळखायला हवं. त्याच कारणाने ट्रॅकमधलं अंतर आणि चढाईही फुगलेली असते.

आणि ॲपमधल्या उंचीच्या रेषांवरही, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरही, पूर्ण भरवसा टाकू नका. बऱ्याच मोफत नकाशांची उंची फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर स्पेस शटलवरून केलेल्या अकरा दिवसांच्या रडार मोजणीवर आधारलेली असते. त्या रडारचा बराचसा प्रतिध्वनी दाट जंगलात जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांकडून येतो. म्हणजे नकाशा जिला जमीन म्हणतो ती कधीकधी पंधरा-वीस मीटर उंच झाडांची छत्री असते. शिवाय नकाशावरच्या दोन रेषांमध्ये उंचीचा २० मीटरचा फरक असेल तर १५ मीटरचा उभा कातळ त्या दोघींमध्ये आरामात लपतो आणि नकाशावर त्याचं नावनिशाणही नसतं. म्हणून नकाशावर रेषा विरळ आहेत, सोपं दिसतंय, चला शॉर्टकट मारू, हे जंगलात कधीच करायचं नाही.

पाणी. आमच्या लूपमध्ये पाणी दोनच ठिकाणी आहे, सोंडेच्या पायथ्याला एक झरा आणि उतरणीच्या मध्यावर ओढा. मधला पट्टा विश्रांतीसकट सहा तासांहून जास्त, पूर्ण कोरडा. तासाला अर्धा लिटर धरलं तरी तीन लिटर होतात, गरमीत कमी पडेल, म्हणून माणशी चार. चार लिटर म्हणजे चार किलो वजन, ते घरापासून वाहण्यात अर्थ नाही, सुरुवातीला एकच लिटर घ्यायचं आणि झऱ्यावर बाटल्या भरायच्या. पण मग झरा वाहता असणं ही अट झाली. झरा आटलेला असेल तर तिथूनच परत, हा मागे फिरायचा पहिला टप्पा. पाणी गाळून किंवा शुद्ध करून प्यायचं हे वेगळं सांगायला नको.

तो दुसरा ओढा मला जास्त सतावतोय. लूपच्या शेवटाकडे ओढा ओलांडायचा असणं ही फार वाईट गोष्ट आहे. वर कुठेतरी दुपारी जोराचा पाऊस झाला, तुमच्या अंगावर थेंबही पडला नाही, आणि खाली ओढा मांडीभर पाण्याने धावतोय, असं होऊ शकतं. तेव्हा तुमच्यामागे १३ किलोमीटर आणि पुढे पाणी. गुडघ्याच्या वर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात उतरायचं नाही, थांबायचं, पाऊस थांबला की छोटा ओढा काही तासांत उतरतोही, पण त्यासाठी अंगात गरम कपडे आणि पोटाला काहीतरी हवं. उलट्या दिशेने लूप केला तर हा ओढा सकाळीच ओलांडून होतो, वादात समोरच्या बाजूचा हाच मुद्दा होता आणि तो रास्त आहे. शेवटी आम्ही असं ठरवलं की पावसाची शक्यता असलेल्या दिवसांत हा लूप करायचाच नाही, कोरड्या हवेत आमच्याच दिशेने करायचा. आणि खालचा रस्ता त्या ओढ्यावरूनच जातो, त्यामुळे सकाळी अंधारात दोन किलोमीटर पुढे गाडी नेऊन ओढ्याचं पाणी बघून यायचं आणि मगच चालायला सुरुवात करायची.

बाकीचं पटकन सांगते. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे माथ्यावर पायथ्यापेक्षा सात अंश कमी, त्यात घामाने भिजलेला टीशर्ट आणि वारा, तेव्हा एक कोरडा थर बॅगेत हवाच. गडगडाट ऐकू आला की धार सोडायची, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिकडे परत जायचं नाही. वाळलेल्या, पोखरलेल्या झाडाखाली जेवायला बसायचं नाही. फोन फ्लाइट मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं आणि बॅटरी खूप पुरते, नाहीतर सिग्नल शोधण्यातच फोन संपतो. जंगलात जायला परवानगी लागते का, कुठला भाग कुठल्या काळात बंद असतो, हे आधी विचारून घ्यायचं. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात : मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. जंगलात हाक विरून जाते, शिट्टी लांबवर पोचते आणि घसाही बसत नाही.

आणि घरी एका माणसाकडे कागद. कोण कोण चाललंय, गाडीचा नंबर, कुठल्या दिशेने लूप, मागे फिरलो तर कुठून उतरू, आणि सगळ्यात महत्त्वाचं, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. आमच्या कागदावर रात्री नऊ लिहिलंय. पाचला उतरणं अपेक्षित आहे, चार तास उशिराला सोडलेत, त्याआधी उगाच धावपळ नको आणि त्यानंतर वाट बघत बसणंही नको. हा कागद माझ्या आईकडे असणार आहे कारण ती नऊ म्हणजे नऊलाच फोन उचलेल.

तारीख अजून ठरवलेली नाही. त्याआधी एका सुट्टीच्या दिवशी मी आणि भाऊ उतरणीची वाट खालून उलटी चढून ओढ्यापर्यंत आणि जमलं तर खिंडीपर्यंत जाऊन येणार आहोत. लूपचा अनोळखी अर्धा भाग तेवढाच कमी होईल, आणि ओढ्यापलीकडे वाट कुठून वर निघते ते दिवसाउजेडी ताज्या पायांनी बघून होईल. ती ९७ मिनिटं खरी निघतात का हेही तेव्हाच कळेल. निघाली नाहीत तर सोंडेवरची साडेअकराची वेळ अकरावर आणावी लागेल आणि निघायची सहाची पाच करावी लागेल, चौघांना त्याची कल्पना देऊन ठेवलीय.